हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: ओहोटीची वेळ नेमकी कशी गाठायची?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत हरिहरेश्वरला जायचं ठरतंय. सोबत सासूबाई (वय ६८, उजवा गुडघा दुखरा), नवरा आणि सहावीतला मुलगा. कालभैरव-योगेश्वरी आमचं कुलदैवत. सासूबाईंना यंदा समुद्राच्या बाजूची प्रदक्षिणा पूर्ण करायचीच आहे. पूर्वी सासऱ्यांबरोबर गेल्या होत्या तेव्हा भरती होती आणि पायऱ्यांवरूनच मागे फिरावं लागलं. ते त्यांच्या मनात राहून गेलंय.

मुलाचं वेड निराळं आहे. भूगोलाच्या पुस्तकात सागरी कडा, सागरी गुहा, तरंगघर्षित मंच असं सगळं आलंय आणि हरिहरेश्वरच्या जाळीदार दगडांचे फोटो त्याने कुठून तरी शोधून काढलेत. ते दगड त्याला हात लावून बघायचेत.

प्रश्न असा की वेळ कोणती धरायची? उतरायचं आहे त्या ठिकाणच्या मालकांनी सांगितलं, "सकाळी लवकर जा." नणंद म्हणते संध्याकाळीच जायचं, सूर्यास्त सुंदर दिसतो. ऑफिसातला एकजण म्हणाला, दुपारी बाराला आम्ही आरामात फिरलो. तिघंही स्वतः जाऊन आलेले आहेत. मग खरं काय? आणि दुखऱ्या गुडघ्याला ती वाट झेपेल का? ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा.

भटकंती_जिंदाबाद

एवढा विचार करू नका. आम्ही कोजागरीला जोडून गेलो होतो, दोन्ही दिवस संध्याकाळी पाच-साडेपाचला उतरलो, सूर्य बुडेपर्यंत कातळावर बसलो. पाणी लांब होतं. छोटी मुलंही होती बरोबर. संध्याकाळीच जा, फोटो भारी येतात.

कातळवाट

अबोली, तुम्हाला तिघांनी तीन वेळा सांगितल्या आणि त्या तिन्ही आपापल्या दिवसापुरत्या बरोबर आहेत. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे "सकाळी जा" किंवा "संध्याकाळी जा" या सल्ल्याला तिथी सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

माझं लहानपण श्रीवर्धनला गेलं, पुढे तालुक्यातल्याच एका शाळेत भूगोल शिकवला. वर्गातली मुलं घेऊन त्या कातळावर उतरायचं हा माझ्या शिकवण्याचा सगळ्यात आवडता भाग होता, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्याकडचा जुना हिशेब असा. तिथीला पाऊण ने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तशीच दुसरी पहाटे तीनच्या आगेमागे. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हीच मोजणी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं मनात धरायचं आणि भरती-ओहोटीच्या छापील किंवा मोबाइलवरच्या तक्त्याशी एकदा ताडून बघायचं.

आता भटकंती, तुमचं बघा. तुम्ही कोजागरीला गेलात, म्हणजे पौर्णिमा. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दुपारी बाराच्या आत भरती, म्हणून संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी सगळ्यात लांब. तुमची संध्याकाळ चांगली गेली ती पौर्णिमेमुळे. हाच सल्ला ऐकून कोणी अष्टमीला संध्याकाळी उतरलं, तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण भरती! लाट थेट कड्याच्या पायथ्यावर आपटत असते. दुपारी बाराला आरामात फिरलेले तुमच्या ऑफिसातले गृहस्थ नक्कीच सप्तमी-अष्टमीच्या आसपास गेले असणार. कृपा करून असे सल्ले देताना तिथी सांगत चला. या कातळावरून माणसं वाहून गेली आहेत, आणि त्यातली बरीचशी "काल तर इथे पाणी नव्हतं" असं म्हणणारी होती.

आणखी एक गोष्ट. ओहोटी-ओहोटीतही फरक आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच मागेही जातं. अष्टमीच्या जवळ भांग असतो, पाणी ना धड चढत ना धड उतरत. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराची वेळ सोयीची वाटली तरी कातळ कमी उघडा पडतो. माझ्या मते द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सगळ्यात चांगले. उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे पाणी बरंच मागे जातं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. कोवळं ऊन, दगड तापलेले नाहीत, देवळातली सकाळची पूजा आटोपलेली. पंचमीलाही जमेल.

उतरायचं कधी? पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी, पाणी मागे हटत असताना. आणि पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परतीला लागायचं. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच चढतं, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी तिप्पट. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासांत येते. माणूस पहिल्या तासाचा संथपणा बघून निर्धास्त होतो आणि खडकाच्या पुढच्या टोकावर बसलेला असतानाच मागची खाच पाण्याने भरते.

वाटेबद्दल. आमच्या घरची रीत आधी कालभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा कालभैरव. देवळाच्या मागून पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, तिथून दुसऱ्या बाजूला समुद्राकडे उतार. हा उतार दोन उभ्या कातळभिंतींच्या मधल्या चिंचोळ्या घळीतून जातो. तीच गणेशगल्ली. खाली पोचलात की डाव्या-उजव्या हाताला कडा आणि समोर अथांग समुद्र. तिथून टेकडीचा पायथा धरून कातळावरून चालत परत देवळाच्या बाजूला निघायचं. वाटेत गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ अशी ठिकाणं लागतात.

मुलाला गणेशगल्लीतच पहिल्यांदा थांबवा. हा सगळा दगड दख्खनचा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला. लाव्हा थंड होताना आकसतो, त्यात उभ्या भेगा पडतात. पुढे जमिनीच्या हालचालींनी आणखी पडतात. समुद्र या भेगा शोधून काढतो. लाट भेगेत शिरली की आतली हवा कोंडून दाबली जाते, लाट मागे गेली की ती झटक्याने मोकळी होते, आणि दर खेपेला भेगेच्या कडेचा दगड थोडासा सैल होतो. हजारो वर्षं हेच चाललं की भेगेची घळ होते. गल्लीच्या दोन्ही भिंती समोरासमोर धरून बघायला सांगा. एकीकडचे थर दुसरीकडे कुठे चालू राहतात ते त्याने स्वतः शोधू दे.

मग खाली सपाटीवर या. पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. या मंचाचं मला कायम नवल वाटतं. कड्याच्या तळाशी लाटा आत खाच कोरतात, वरचा दगड निराधार होऊन कोसळतो, कडा मागे सरकतो आणि त्याच्या जागी हा सपाट कातळ उरतो. आता गंमत अशी की मंच जितका रुंद होतो तितकी पुढच्या लाटेची ताकद त्याच्यावरूनच येताना खर्ची पडते. म्हणजे समुद्राने कापून काढलेला कातळच उरलेल्या कड्याला वाचवतो. वर्गात फळ्यावर आकृती काढून हे मुलांना पटायचं नाही. मंचाच्या टोकाशी उंच उठलेली लाट कड्याच्या पायाशी येईपर्यंत घोट्याएवढी झालेली पाहिली की एका मिनिटात पटायचं.

त्याच सपाटीवर गोल खळगे दिसतील. खळग्यात अडकलेला गोटा लाटेबरोबर गरगर फिरतो आणि तळ घासत जातो. नदीतले रांजणखळगे तुम्ही निघोजला पाहिले असतील, तसेच हे समुद्राने केलेले. काहींच्या तळाशी ते गोटे अजून असतात. बघू द्या, पण तिथेच ठेवायला सांगा. गोटा काढला तर तो खळगा वाढायचा थांबेल.

ओहोटीत उरलेल्या डबक्यांपाशी मुलगा रमेल. समुद्रफुलं, छोटे खेकडे, शंखात घर केलेले खेकडे, खडकाला घट्ट चिकटलेली कालवं. बोटाने टोचायचं नाही, दगड उलटा केला तर परत होता तसा ठेवायचा. खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.

पायात मागे पट्टा असलेले, खरबरीत तळाचे सँडल हवेत. सपाता नकोत. कातळावर जो पांढुरका, खरखरीत पट्टा दिसतो तिथे पाय टिकतो. काळपट-हिरवा चकाकता भाग दिसला की तिथे पाय टाकायचाच नाही, मग तो कोरडा वाटला तरी. खरखरीत पट्ट्यावर पडलात तर मात्र सोलून निघाल, म्हणून हात मोकळे ठेवा. मोबाइल खिशात.

पावसाळ्यात ओहोटी असो वा नसो, खाली उतरू नये. हिवाळ्यात समुद्र शांत असतो हे खरं, पण दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा इथे वाऱ्याचा मागमूस नसतानाही पोचतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून उंच लाटांचे इशारे येतात, जायच्या आदल्या दिवशी ते बघा. आणि वाटेवर कोणी अडवलं तर ऐका. कालवं काढायला येणाऱ्या आमच्याकडच्या बायका कधी समुद्राकडे पाठ करून बसत नाहीत. तेवढं एक तुम्हीही पाळा.

भटकंती_जिंदाबाद

पौर्णिमेचं गणित खरंच माहीत नव्हतं. आता कोणाला सांगताना तिथीसकट सांगेन. धन्यवाद.

अबोली_पुणे

बाई, (शिकवत होता म्हणालात म्हणून बाईच म्हणते) इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मुलगा शेजारी बसून वाचत होता आणि पाऊणपटीचं गणित त्याने लगेच कॅलेंडर काढून सुरू केलं. आमच्या सुट्टीत दोनच दिवस धरता येतील, एक शुद्ध पंचमी आणि एक अष्टमी. त्याच्या हिशेबाने पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. बरोबर ना? मग आम्ही सव्वाआठला उतरायचं?

सासूबाईंच्या गुडघ्याचं मात्र तुम्ही काही लिहिलं नाहीत. आणि जाळीदार दगड नेमके कुठे दिसतील?

मिठागर

मध्येच विचारतो. तिथल्या लोकांनी आम्हाला सांगितलं होतं की ती जाळी लाटांच्या माऱ्याने पडली आहे. काहीजण सांगतात की ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं आहेत. बाईंना काय वाटतं? मला बुडबुड्यांचं पटतं, कारण बेसॉल्टमध्ये तशी भोकं असतातच.

गुहागरकर

अबोली, दगडांचं वेड असलेला मुलगा आहे म्हणून सुचवतो. एखादा दिवस जास्त असेल तर खाली हेदवीला या. तिथली बामणघळ बघाच. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक लांब, अरुंद चीर आहे. लाट त्या चिरेत घुसते, पुढे जागा कमी होत जाते, आणि शेवटी पाणी मोठा आवाज करत सरळ वर उसळतं. फवारा डोक्याच्या कितीतरी वर जातो.

पण इथे वेळेचं उलटं आहे. ओहोटीला आलात तर नुसती कोरडी चीर दिसेल आणि वाटेल, यासाठी एवढ्या लांब आलो? भरतीच्या वेळी, आणि शक्यतो उधाण असताना यायचं. बघायचं मात्र लांबून. घळीच्या काठावर ओलं असतं, आणि डोकावायला पुढे गेलेल्याला मागे ओढायला काही आधार नाही. आमच्या गावाकडची माणसं पाहुण्यांना घेऊन जातात तेव्हा मुलांचा हात सोडत नाहीत.

हेदवीचा दशभुज गणपतीही जवळच आहे. सासूबाईंना बरं वाटेल.

कातळवाट

गुहागरकरांनी फार चांगली भर घातली. गणेशगल्ली आणि बामणघळ दोन्ही भेगेतूनच घडलेल्या. एक चालत जाण्याएवढी मोठी झाली, दुसरीत समुद्र अजून काम करतोय. मुलाने दोन्ही पाहिल्या तर त्याला पुस्तकातलं ते पान वेगळं वाचायची गरज पडणार नाही.

मिठागर, तुमचा प्रश्न आवडला, आणि तुमचं नाव घेऊनच उत्तर देते, कारण उत्तर मिठात आहे.

बुडबुड्यांची भोकं बेसॉल्टमध्ये असतात हे अगदी खरं. हरिहरेश्वरलाही दिसतात. पण ती लहान, गोल किंवा लंबगोल असतात आणि दगड फोडला तरी आतपर्यंत सापडतात. पुष्कळदा त्यांत पांढरी स्फटिकं भरलेली असतात. जाळी फक्त दगडाच्या बाहेरच्या अंगाला असते. आत दगड अखंड. म्हणजे ती बाहेरून पडली आहे.

लाटांनी पडली असती तर जिथे लाटांचा मार सगळ्यात जास्त तिथे सगळ्यात जास्त जाळी हवी. तसं नाही. रोज पाण्याखाली जाणारा कातळ बघा, तो घासून गुळगुळीत झालेला आहे किंवा त्याच्यावर कालवांची पुटं आहेत. जाळी त्याच्या वर असते, भरतीची रेषा ओलांडून, जिथे पाणी रोज पोचत नाही पण तुषार पोचतात. तुषारांचं खारं पाणी दगडाच्या बारीक रंध्रांत मुरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि वाढताना दगडाचे कण सुटे करतात. वारा ते कण घेऊन जातो. एकदा छोटा खड्डा पडला की आत सावली, ओल जास्त वेळ टिकते, मीठ जास्त साचतं, म्हणून खड्डा आणखी खोल होतो. दोन खड्ड्यांमधली भिंत मात्र लवकर सुकते आणि टिकून राहते. अशा शेजारी शेजारी वाढत गेलेल्या खड्ड्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होते.

हे समजलं की ती जाळी किती नाजूक आहे हेही समजतं. दोन खड्ड्यांमधली भिंत कधी कधी बोटाच्या जाडीची असते. तिच्यावर पाय देऊन फोटोसाठी उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. आठवण म्हणून तुकडा तोडून नेणारेही. काही खडकांवर नावं रंगवली आहेत. मीठ, ऊन आणि वारा यांना जे करायला शतकं लागली ते एका लाथेने जातं आणि परत येत नाही. माणसं वाळूशिल्प मोडू नये म्हणून बाजूने जातात, आणि या शिल्पावर मात्र चढतात, याचा मला फार त्रास होतो. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. त्या पुन्हा लावता आल्या. दगडाची जाळी लावता येत नाही.

अबोली, म्हणून जाळीदार दगड "कुठे" याचं उत्तर असं: सपाटीवर शोधू नका, तुमच्या कमरेपासून वर, कड्याच्या अंगाकडे बघत चला. खाली उतरल्यावर लगेच दिसायला लागतील. हात लावायला हरकत नाही, हलक्या हाताने. जीभ लावली तर खारट लागेल, आमची मुलं तो प्रयोग हमखास करायची.

पंचमीचं गणित बरोबर आहे. तक्त्यात बहुधा साडेनऊच्या आसपासची वेळ दिसेल. तक्ता आणि हिशेब यांत जी आधीची वेळ असेल ती धरा. आठ वाजता घळीतून खाली, साडेनऊला परतीच्या वाळूवर. अष्टमीला नका उतरू. त्या दिवशी भांगाची ओहोटी, पाणी पुरेसं हटणार नाही आणि सोबत मूल आहे. तो दिवस श्रीवर्धनच्या वाळूच्या किनाऱ्यासाठी ठेवा. तिथेही मुलाला दाखवण्यासारखं आहे: लाटा डोंगराच्या पुढे आलेल्या नाकाभोवती वळतात आणि आपली ताकद त्याच्यावर खर्च करतात, म्हणून नाकावर कातळ उघडा पडतो आणि बाजूच्या आत वळलेल्या किनाऱ्यावर वाळू साचते. हरिहरेश्वरचा कडा आणि त्याच्या दोन्ही अंगांचे वाळूचे किनारे यांची ही अशी वाटणी आहे.

आता सासूबाई. पहिल्या वेळी लिहिलं नाही ते मुद्दामच, आधी वाट समजू दे म्हणून. स्पष्ट सांगते: टेकडीचा चढ त्या सावकाश चढतील, पण घळीतल्या पायऱ्या उंच आहेत आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. त्यापुढची वाट पायऱ्यांची नाही, ओबडधोबड कातळाची आहे. एक पाय वर, एक खाली, मध्ये पाणी भरलेले खळगे. मी स्वतः आता काठीशिवाय जात नाही, आणि माझा गुडघा बरा आहे.

त्यांची इच्छा मोठी आहे, ती मोडू नका. असं करा. टेकडीचा चढ-उतार तुम्ही आणि मुलगा करा. सासूबाईंना तुमच्या यजमानांबरोबर देवळाच्या बाजूच्या किनाऱ्यावरून, म्हणजे प्रदक्षिणा जिथे संपते त्या टोकाकडून आत येऊ दे. सुरुवातीचा कातळ त्या मानाने सोपा आहे. जिथपर्यंत पाय निर्धास्त पडतोय तिथपर्यंत यायचं, कडा समोर दिसेल अशा कोरड्या खडकावर बसायचं. तुम्ही दोघं तिकडून चालत याल आणि शेवटचा टप्पा चौघं मिळून पूर्ण कराल. आमच्या आईने उतारवयात असंच केलं. देवाला प्रदक्षिणा देवळाभोवती घालायचीच असते, ती तिने तिथे घातली, आणि समुद्राला नमस्कार खडकावरून केला. तिच्या मनात काही अपुरं राहिलं नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन, घळीतून समुद्र बघून मग "आता ठरवू" असं मात्र करू नका. तिथे पोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला नको म्हणणं फार कठीण जातं.

अबोली_पुणे

तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्या बाईंच्या आई कुठल्या खडकावर बसायच्या, ते विचारशील का?" म्हणजे तयार आहेत!

पंचमीचं नक्की केलं. सँडल आणायला उद्या जातोय. गुहागरकर, हेदवीचंही मनात आहे. पण अष्टमीला गेलो तर भरती संध्याकाळी सहाला आणि तीही भांगाची, म्हणजे उसळी कमी, असं मुलगा म्हणतोय. तरी यावं का? आणि हरिहरेश्वरहून महाडला वळसा न घालता येता येतं का?

कातळवाट

आईंची जागा: किनाऱ्याच्या टोकाकडून कातळावर आल्यावर थोड्याच अंतरावर कड्याला लागून एक सपाट, कोरडा भाग आहे, भरतीच्या खुणेच्या वर. तिथे सकाळी कड्याचीच सावली असते. बसायला एक जाड सतरंजी न्या, दगड खरखरीत आहे. मुलाला सांगा, आजीच्या मागच्या कड्याकडे आधी बघ. जाळी तिथेही आहे.

गुहागरकर

मुलाचं गणित चोख आहे. अष्टमीला उसळी कमी असेल, पण पश्चिमेकडून बऱ्यापैकी लाट असली तर घळ रिकामी राहत नाही. सहाला भरती म्हणजे पाच-साडेपाचला पोचा, उजेड असतानाच बघून निघा. अंधारात त्या कातळावर थांबू नका.

महाडला जायची गरज नाही. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला जेटी आहे, तिथून गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेशवीला उतरता. समोर बाणकोटचा किल्ला. वेळास तिथून अगदी जवळ, नाना फडणवीसांचं मूळ गाव. कासवांची पिल्लं बघायची असतील तर ती हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चकडे, आत्ता नाही. पुढे केळशी, आंजर्ले, दापोली करत दाभोळ. दाभोळला दुसरी फेरीबोट, ती धोपाव्याला सोडते. तिथून गुहागर आणि मग हेदवी. अंतर कमी वाटलं तरी घाटवळणांचा रस्ता आहे आणि दोन्ही फेऱ्यांना सुट्टीत गाड्यांची रांग लागते, त्यामुळे सकाळी सातलाच निघा. दाभोळची फेरी चुकली तर चिपळूणवरून फिरून यावं लागेल आणि संध्याकाळची भरती हुकेल. सासूबाईंना दापोलीत तासभर विश्रांती द्या.